कान्हेरीचा काळा दगड आणि आईचा फोटो

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरले की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे मोठे फाटक पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तिथून कान्हेरीची लेणी आत सहा-सात किलोमीटर. उद्यानाची बस लेण्यांच्या पायथ्याशी सोडते. लेण्यांचे तिकीट वर वेगळे काढावे लागते आणि सोमवारी सगळे बंद असते, हे आधीच सांगून ठेवतो. सणासुदीचा एखादा सोमवार गाठून, पुरीभाजीचे डबे आणि पोरेबाळे घेऊन फाटकावरून परत फिरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आपल्या मुंबईकर माणसाला कान्हेरी नवी नाही. शाळेची सहल, मंडळाची बस, बुद्धपौर्णिमा, गावाकडून पाहुणे आले तर त्यांना घेऊन एक फेरी. तीन नंबरचा चैत्य पाहायचा, व्हरांड्यातल्या दोन उंच बुद्धमूर्तींपुढे वंदना घ्यायची, सगळ्यांनी ओळीत उभे राहून एक फोटो काढायचा आणि सावलीत डबे सोडायचे. लेणी एकंदर १०९ आहेत. दहाबारा पाहून होतात तोवर माकडे डब्यांवर येतात आणि मंडळी खाली उतरतात.

गेल्या दीड वर्षात मी कान्हेरीला बावीस वेळा गेलो. "तुम्हाला तिथं नोकरी लागली का?" असे घरचे विचारू लागले. नोकरी माझी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटरची. तीही आता संपत आली. कान्हेरीला मी जात होतो तो कॅमेरा शिकायला.

कॅमेरा भाच्याचा. तो उल्हासनगरला लग्नाचे फोटो काढतो. त्या धंद्यात आता आरसा नसलेले नवे कॅमेरे आले आहेत, त्यामुळे त्याचा जुना कॅनन १३००डी कपाटात पडून होता. २०१६ साली निघालेले, हौशी माणसासाठी केलेले साधे मॉडेल. "मामा, शटर बरंच चाललंय, पण तुमच्या हातात अजून चार वर्षं मरणार नाही," असे म्हणून त्याने तो गळ्यात घातला. पैसे घेईना. शेवटी आईने त्याच्या खिशात बळेच कोंबले. हौसेला मोल नसते म्हणतात, ते ज्याने बॅटरी विकत घेतली नाही त्याने म्हटलेले असावे. बॅटरी, कार्ड, पिशवी, आणि बोनस झाल्यावर ५० मिलिमीटरची एक सेकंडहँड लेन्स, असे करत करत ती हौस घरखर्चाच्या वहीत स्वतंत्र पान मागू लागली.

हातात कॅमेरा आला तेव्हा मला सगळ्यात आवडला तो त्यातला आरसा. कामगार माणसाला यंत्र उघडल्याशिवाय कळत नाही. लेन्स काढली की आत तिरपा आरसा दिसतो. भिंगातून येणारा उजेड या आरशावर पडतो, तिथून वरच्या आरशांच्या घडीतून वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे आपण पाहतो ते नेमके त्याच भिंगातून. बटण दाबले की आरसा झटकन वर उडतो, मागचा पडदा उघडतो, उजेड सेन्सरवर पडतो आणि आरसा परत खाली. 'खटाक्' असा जो आवाज येतो तो याचा. गंमत अशी की ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तो क्षण फोटो काढणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही. आरसा वर असल्यामुळे तेवढ्यापुरता अंधार होतो. समोरचे माणूस डोळे मिटते की उघडे ठेवते ते नंतरच कळते.

उजेडाचा हिशेब तीन गोष्टींवर चालतो. भोक किती मोठे, पडदा किती वेळ उघडा, आणि सेन्सर किती तिखट. यांपैकी भोकाचे आकडे नवशिक्याला चकवतात, कारण आकडा लहान तर भोक मोठे. भाच्याने ते पाठ करायला सांगितले होते. मी वर्कशॉपच्या हिशेबाने पाहिले तेव्हा त्यात पाठ करण्यासारखे काही उरले नाही. एफ १.८ म्हणजे लेन्सच्या लांबीला १.८ ने भागा. ५० मिलिमीटरला भागले की सुमारे २८ मिलिमीटर, म्हणजे पितळेच्या मोठ्या वॉशरएवढे भोक. तीच लेन्स एफ १६ वर नेली की भोक जेमतेम ३ मिलिमीटर, बारीक ड्रिलचे. २, २.८, ४, ५.६, ८ ही जी पायरी आहे तिच्यात दर पायरीला उजेड निम्मा होतो. कारण क्षेत्रफळ निम्मे होते. आमच्याकडे नव्या ॲप्रेंटिसला गेज शिकवताना आम्ही जे सांगतो तेच इथे लागू: आकडा पाठ करू नका, तो कशाचा आहे ते विचारा.

पडद्याचा वेळही असाच निम्मा-दुप्पट चालतो. हात थरथरतो म्हणून ५० च्या लेन्सला या कॅमेऱ्यावर सेकंदाचा साधारण ८० वा भाग, त्याहून सावकाश जाऊ नये. आणि आयएसओ म्हणजे सेन्सरचा तिखटपणा. वाढवला की अंधारात दिसते, पण चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे येतात. दाणे आले तर येऊ द्यावेत असे माझे मत झाले आहे. हललेला फोटो कुणाच्या कामाचा नसतो, दाणेदार फोटो असतो.

हे सगळे घरात बसून कळते. कळलेले हातात यायला कान्हेरी लागली.

तीन नंबरचा चैत्य सुमारे २६ मीटर लांब आहे. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी स्तूप, वर कमानदार छत. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकले की काही क्षण काहीच दिसत नाही. डोळा हळूहळू सरावतो, आणि मग खांबांच्या माथ्यावरचे हत्ती दिसू लागतात, काही खांब नुसते अठकोनी आणि काम अर्धवट राहिलेले दिसतात. कॅमेऱ्याला असे सरावता येत नाही; त्याला सांगावे लागते. दर्शनी भिंतीतल्या वरच्या मोठ्या खिडकीतून उजेड येतो तो सरळ स्तूपाच्या अंगावर. बाजूच्या खांबांना त्यातला उरलासुरला मिळतो. दुपार कलली की हा उजेड वाढतो. मी पहिले चार रविवार सकाळी गेलो आणि पाचव्या रविवारी दुपारी तीनला. एकाच जागेचे ते दोन वेगळे चैत्य आहेत असे वाटावे, इतका फरक होता. फ्लॅश मारला तर हा सगळा उजेड-अंधार पुसून जातो आणि स्तूप भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा दिसतो. म्हणून फ्लॅश मी कधी उघडला नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. तेव्हा खांबाला खांदा टेकायचा, श्वास सोडायचा आणि बटण हलके दाबायचे. आत कुणी नसेल तर आरशाचा आवाज छतापर्यंत जाऊन परत येतो.

आता दगडाबद्दल. कान्हेरी हे नाव कृष्णगिरीवरून आले, म्हणजे काळा डोंगर. जुन्या लेखांत कण्हसेल असे नाव येते. डोंगर बेसॉल्टचा, ऊन असेल तेव्हा तपकिरी झाक दाखवणारा आणि ओला झाला की घोटीव काळा. हा दगड कॅमेऱ्याला पटत नाही. कॅमेऱ्यातला उजेडाचा मापक समोर जे काही असेल ते सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. पुस्तकांत याला १८ टक्के करडा म्हणतात. काळा दगड समोर आला की मापकाला वाटते उजेड कमी आहे, आणि तो जास्त उजेड आत घेतो. फोटोत दगड राखाडी येतो. कृष्णगिरीची राखगिरी होते. कॅमेरा बिघडलेला नसतो; त्याला जे मध्यम म्हणून शिकवले आहे ते तो सगळ्यांवर लादतो.

उपाय सोपा आहे. अधिक-उणे असे चिन्ह असलेले एक बटण असते. काळ्या दगडाला उणे एक. झाले, दगड काळा. आणि उलटही खरे आहे. समोर पांढरे असेल तर मापकाला वाटते उजेड फार आहे, आणि तो सगळे अंधारे करतो. तिथे अधिक एक.

हे 'उलट' मला कळले त्या दिवशी मी बसमध्ये बसून घरच्या अल्बमचा विचार करत राहिलो. आपले सगळे मोठे कार्यक्रम पांढऱ्या कपड्यांत होतात. धम्मचक्र प्रवर्तन दिन, जयंती, नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, मागे पांढरा पडदा. कॅमेरा ऑटोवर ठेवून काढलेला असा कोणताही फोटो पाहा. साडी मळकट करडी आणि चेहरा काळोखात बुडालेला, नुसते दात दिसतात. मग तो फोटो पाहून बाया म्हणतात, "मी फोटोत चांगली येत नाही." चाळीतल्या किमान दहा बायकांच्या तोंडून मी हे वाक्य ऐकले आहे. पांढऱ्या साडीतल्या सावळ्या बाईचा उजेड मोजायचा कसा, हे बटण दाबणाऱ्याला कुणी सांगितलेले नसते, आणि दोष ती बाई स्वतःच्या तोंडाला लावून घेते.

स्टुडिओवाल्यांनी यावर दुसराच इलाज काढला होता. पावडर. फोटोआधी चेहऱ्यावर पावडर, आणि फोटो धुतल्यावर ब्रशने आणखी थोडी गोराई. हल्ली तेच काम मोबाइल करतो. बऱ्याच मोबाइलांचा कॅमेरा न विचारता गाल गुळगुळीत आणि रंग उजळ करून देतो. एकाला अंधार, दुसऱ्याला पीठ. स्वतःचा रंग कुठेच नाही.

आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, भगवान बुद्धांचा आहे, आणि वडिलांचा आहे. वडील गिरणीत होते, १९९४ साली गेले. त्यांचा जिवंतपणीचा एकच फोटो होता, गिरणीच्या पासावरचा, बोटाच्या पेराएवढा. तो मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओवाल्याने रंग भरले आणि अंगावर कोट-टाय चढवला. कोटाबद्दल माझी तक्रार नाही. वडिलांनी आयुष्यात कोट घातला नव्हता, पण कोटातला माणूस आमच्या घरात परका नव्हे. चेहरा मात्र त्याने असा गुलाबी केला की गावाहून आलेल्या चुलत्याने विचारले, "हे कोण पाहुणं?"

आई हे सगळे पाहत आली आहे. तिला आता ७८ वे चालू आहे. तिचा लग्नानंतरचा एक स्टुडिओतला फोटो आहे, वडिलांशेजारी खुर्चीत बसलेली. त्यात ती पीठाच्या बाहुलीसारखी दिसते. कॅमेरा घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "दगडाचे फोटो काढतोस ते काढ. पण माझा एक नीट काढून ठेव. नाहीतर मी गेल्यावर आधारकार्डावरचा मोठा करून लावशील." घरातल्या कुणाला हसू आले नाही, कारण आमच्या गल्लीत तीन घरांत तसाच लावलेला आहे. आधारकार्डाचा फोटो म्हणजे समोरून दिवा, मागे पांढरी भिंत, आणि रांगेत दोन तास उभ्या राहिलेल्या माणसाचे तोंड. त्यालाच हार घालायचा.

म्हणून त्या बावीस फेऱ्या. काळ्या दगडावर हात बसला तर आईच्या रंगावर बसेल, असा माझा हिशेब होता.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट शिकायला मिळाली ती लेखांमुळे. कान्हेरीत ब्राह्मी लिपीतले लेख जागोजागी आहेत, पण भर दुपारी ते सापडत नाहीत. भिंत नुसती खडबडीत दिसते. ऊन तिरपे झाले, भिंतीच्या अंगाला घासून जाऊ लागले, की अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळ उमटते. दहा मिनिटांत ऊन सरकले की पुन्हा गडप. लेखाचा फोटो घ्यायचा तर उजेड बाजूने यायची वाट पाहायची, हे एकदा कळले की कोणत्या लेण्याला किती वाजता जायचे याचे वेळापत्रकच मनात तयार होते.

या लेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. सोपारा, कल्याण, नाशिक, चौल इथली माणसे. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. तीन नंबरच्या चैत्याचा मोठा लेख सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या अखेरचा मानतात. तो बराच झिजला आहे. त्यात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांची नावे आहेत, आणि खाली दगड घडवणारे, घोटाई करणारे अशा कारागिरांचाही उल्लेख आहे. घोटाई करणारा! मी आयुष्यभर पॉलिश पेपर घासला. त्या शब्दापाशी मी जरा जास्तच वेळ उभा राहिलो. दर्शनी भिंतीवर दानी जोडप्यांची मोठी शिल्पे आहेत, भरदार, दागिने घातलेली, हसऱ्या तोंडाची. पैसेवाल्यांचे चेहरे दगडात राहिले आणि कारागिरांचा नुसता उल्लेख राहिला. तोही पुष्कळ म्हणायचा.

कॅमेऱ्याचे या देशातले आगमनही तसेच झाले. १८३९ साली पॅरिसमध्ये फोटोची विद्या जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघालीसुद्धा. साहेब लोक आणि शहरातले काही प्रतिष्ठित हौशी त्यात होते, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक. आपली माणसे कॅमेऱ्यापुढे आली ती वेगळ्या वाटेने. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. त्यांत देशभरच्या जातीजमातींची माणसे नमुना म्हणून उभी केलेली आहेत. खाली माणसाच्या नावापेक्षा जातीचे नाव महत्त्वाचे. हौस म्हणून फोटो काढणे ही चैन आमच्या गल्लीपर्यंत यायला आणखी दीडशे वर्षे लागली.

आईला घेऊन गेलो तो डिसेंबरातला रविवार होता. विक्रोळीहून दादर, दादरहून बोरिवली. पुलाचे जिने तिने तीन ठिकाणी थांबून चढले. फाटकापासून बसने. वरच्या पायऱ्यांना भाच्याने हात दिला. ती तीन नंबरला गेली, वंदना घेतली, उजवीकडच्या मोठ्या मूर्तीकडे मान वर करून बराच वेळ पाहत राहिली. त्या दोन्ही मूर्ती सुमारे सात मीटर उंच आहेत. माझी लेन्स तिथे अपुरी पडते. भाच्याची रुंद लेन्स लावून खालून अख्खी मूर्ती बसवली तर मस्तक लहान आणि पाय मोठे येतात. अख्खी मूर्ती बसवण्याचा हट्ट धरू नये. मी त्या दिवशी मूर्तीचा नुसता उजवा हात आणि त्याखाली आईचे डोके, एवढेच घेतले.

पण भिंतीवर लावायचा फोटो मला तिथे काढायचा नव्हता. त्यासाठी जागा हेरून ठेवली होती. तिथून थोडे वर, ओढ्याच्या काठाने गेले की अकरा नंबरचे लेणे लागते. त्याला दरबार म्हणतात. आत जमिनीतच कोरलेले लांबलचक बुटके बाक आहेत, पंगतीला बसावे तसे. त्याच्या व्हरांड्यात ऊन थेट येत नाही, पण समोरच्या दगडी अंगणावर पडलेले ऊन खालून परतून चेहऱ्यावर येते. असा उजेड मऊ असतो. डोळ्यांखाली काळे खड्डे पडत नाहीत. मागे काळा दगड, अंगावर आईची पांढरी साडी, आणि मध्ये तिचा चेहरा. म्हणजे मापकाला फसवायला जे जे लागते ते सगळे एका चौकटीत. त्याच्यावर अशा वेळी काहीच सोपवायचे नाही. आपला तळहात त्याच उजेडात धरायचा, त्यावर माप घ्यायचे, आणि तळहात करड्यापेक्षा उजळ असतो म्हणून तिथून साधारण एक स्टॉप जास्त द्यायचा. मग तो आकडा पक्का करून टाकायचा. मागचा दगड काय आहे, साडी काय आहे, याच्याशी त्याला देणेघेणे उरत नाही. एफ २.८, सेकंदाचा १६० वा भाग, आयएसओ ४००. वहीत लिहून ठेवले आहे.

"आई, हनुवटी जरा वर कर."

"हनुवटी कशाला वर? मी काय निवडणुकीला उभी आहे?"

भाचा हसला, तीही हसली, आणि आरसा उडाला. असे तेरा फोटो झाले. चौदाव्याला ती म्हणाली, "आता बस. पाय दुखतात." आणि कॅमेऱ्याकडे न पाहता समोरच्या अंगणात पाहू लागली. तिथे दुसऱ्या कुणाचे लहान पोर बिस्किटाचा पुडा माकडापासून लपवत होते. तो पंधरावा.

घरी भाच्याने लॅपटॉपवर सगळे उघडले. त्याची बोटे सवयीने उजेडाच्या पट्टीवर गेली. "मामा, आजीला थोडं ब्राइट करू? गिऱ्हाइकं तर मागून मागून घेतात."

मी काही बोलायच्या आधी आईने चष्मा मागितला. ती पडद्याजवळ वाकली. पंधरावा फोटो होता. कपाळावरचे गोंदण, जे स्टुडिओच्या फोटोत पावडरीखाली गेले होते, ते स्पष्ट होते. डाव्या गालावरचा चुलीच्या ठिणगीचा डाग होता. रंग तिचा होता, चहा उकळून खाली उतरवल्यावर असतो तसा. साडी पांढरी होती, काठाची निळी रेघ निळी होती, आणि मागचा दगड काळा होता.

"ही मी हाय," ती म्हणाली. "ती स्टुडिओतली दुसरीच कुणी बाई." आणि मग भाच्याला, "हात नको लावूस रे तिला."

त्याचे तीन मोठे प्रिंट काढले. एक घरी, एक गावी मावशीकडे, एक बहिणीने नेला. आईने आपला प्रिंट भिंतीवर लावू दिला नाही. तो कपाटात साड्यांखाली आहे; इतक्यात कशाला, म्हणते.

ज्यांना हा नाद लागणार असेल त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी. मुंबईच्या दमट हवेत लेन्सला बुरशी धरते, विशेषतः जून ते सप्टेंबर. महागडे कपाट नको. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या ओल्या झाल्या की बदलाव्यात. कान्हेरीत पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ असते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असावा आणि एक हात मोकळा. खाण्याची आणि कॅमेऱ्याची पिशवी एक ठेवू नये, माकडाला त्यातला फरक कळत नाही. सेकंडहँड कॅमेरा घेताना लेन्स उजेडाकडे धरून आरपार पाहावी. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर तीच बुरशी. आणि फोटो मोबाइलवर पाठवून थांबू नये, त्याचा कागदावर प्रिंट काढावा, निदान चांगल्या फोटोचा तरी. कार्ड बिघडते, मोबाइल चोरीला जातो. वडिलांचा पासावरचा फोटो बत्तीस वर्षे टिकला तो कागदावर होता म्हणून.

आईचा फोटो मावशीच्या गावी भिंतीवर लागला आणि इथे गल्लीत बातमी पोहोचली. आता संध्याकाळी कामावरून आलो की कुणी ना कुणी दारात असते. शेजारच्या काकू, ज्या फोटोत चांगल्या येत नाहीत त्या. गटाराचे काम केलेले आणि आता डोळ्यांनी अधू झालेले एक आजोबा. त्यांना आपल्या बायकोबरोबरचा एकतरी पाहिजे, कारण एकत्र असा एकही नाही. दोन नंबरच्या चाळीतली एक मुलगी, जिला लग्नासाठी फोटो द्यायचा आहे आणि "काका, माझा रंग तसाच ठेवा, नंतर कुणी बोलायला नको," असे सांगून गेली. सगळ्यांना काही कान्हेरीला नेता येत नाही. आमच्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर, सकाळी साडेनऊ ते दहाच्या दरम्यान, समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परतलेले ऊन येते. दरबार लेण्याच्या व्हरांड्याइतके नाही, पण बरेच जवळचे. मागे जुन्या फळीचा काळसर दरवाजा आहे. येत्या रविवारी आजोबा आणि आजी तिथे बसणार आहेत. आजींनी पांढरी साडी काढून ठेवली आहे.